हे आमच्याकडून तर आलं नाही ना?

काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब पसरलाय. जांभळट, मोठ्या केंद्रकाच्या या पेशी पाहा. पूर्ण वाढ व्हायच्या आतच त्यांनी गर्दी केलीय. हा ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग. मुलाचा रिपोर्ट हातात पडला की आईवडील हळूच विचारतात, "हे आमच्याकडून तर आलं नाही ना?"

बहुतेक वेळा, नाही. रक्त तयार करणाऱ्या एखाद्या पेशीच्या जनुकांत पुढे कधीतरी बिघाड होतो, काही वेळा अगदी गर्भातच. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला तान्हेपणी ल्युकेमिया झाला, तर बहुधा दुसऱ्यालाही होतो. वाटतं, हे आनुवंशिकच. पण बिघडलेली पेशी एकाच बाळात तयार झालेली असते आणि सामाईक वारेतून ती दुसऱ्याच्या रक्तात पोचते.

मग वारशाने काय येतं? २००९ मध्ये संशोधकांना एआरआयडी५बी, आयकेझेडएफ१ अशा जनुकांतले काही बदल सापडले. ते निरोगी माणसांतही सर्रास असतात. आईकडून किंवा वडिलांकडून असा एक बदल आला, तर मुलांमधल्या 'लिम्फोब्लास्टिक' या प्रकारच्या ल्युकेमियाचा धोका साधारण दीडपट होतो. ऐकून धस्स होतं. पण मुळात हा आजार दोन हजारांत एखाद्या मुलाला होतो. त्याची दीडपट केली, तरी हजारांत एकही भरत नाही. यात कुणाचा दोष शोधू नये, असं मला मनापासून वाटतं.

काही घराण्यांत मात्र दुर्मीळ आणि फार प्रभावी बदल उतरतात. रनएक्स१ जनुकात असा दोष असला की रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी असतात, जरा लागलं तरी काळंनिळं पडतं, नाकातून रक्त येतं. 'आमच्यात सगळ्यांचंच असं' म्हणून ते सोडून दिलं जातं. डीडीएक्स४१ या जनुकातला दोष तर साठीच्या आसपास डोकं वर काढतो. त्या वयात आनुवंशिकतेची शंका घेणार कोण?

शंका घ्यायला हवी, कारण उपचार त्यावर ठरतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी सख्खा भाऊ जुळला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण तोच बदल त्याच्यातही असला, तर त्याच्या पेशींतून पुन्हा ल्युकेमिया उद्भवू शकतो.

बदल वारशाने आलाय का, ही तपासणी रुग्णाच्या रक्तावर भागत नाही. त्यात नंतर बिघडलेल्या कर्करोगाच्या पेशी मिसळलेल्या असतात, त्यामुळे वारशाने आलेलं काय आणि नंतर झालेलं काय, ते कळत नाही. लाळेतही रक्तपेशी येतात. म्हणून त्वचेचा मसुराएवढा तुकडा घेतात आणि त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात. त्यात काही आठवडे जातात. दाता ठरवायची घाई तोवर सुरू झालेली असते, म्हणून घरात आधी कुणाला रक्ताचा आजार झाला असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.