ताटली मधोमध ठेवा

मंडळी, पोर्तुगालच्या खाण्याचा विषय निघाला की लोक कोळशावर भाजलेल्या सार्डिन माशांपासून सुरुवात करतात. मी आज ताश्काबद्दल बोलणार आहे. ताश्का म्हणजे गल्लीबोळातली साधी खानावळ. मोजकी टेबलं, त्यांवर कागद अंथरलेला, त्या दिवशीचे पदार्थ हातानं लिहून लावलेले. लिस्बनच्या मोरारिया, ग्रासा अशा जुन्या वस्त्यांत त्या अजून तग धरून आहेत. तिथं ज्या छोट्या ताटल्या मिळतात, त्यांना पेतिश्कुश म्हणतात.

या ताटल्या जेवणाआधी भूक चाळवायला नसतात. चार-पाच मागवल्या की तेच जेवण. ताटली मधोमध येते, सगळे तिच्यातूनच खातात, ती संपत आली की पुढची सांगायची. सगळं एकदम मागवू नका, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. गप्पांच्या नादात अर्धे पदार्थ निवून जातात आणि टेबलावर हात टेकायला जागा उरत नाही.

पहिली ताटली तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, असावी. ‘अमेइझुअश आ बुल्यांव पातु’ असं तिचं नाव. बुल्यांव पातु हा एकोणिसाव्या शतकातला कवी, १९१२ साली वारला. कृती अगदी थोडक्यात आहे. ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण टाकायचा, तो लाल व्हायच्या आत वाळू काढून धुतलेल्या तिसऱ्या घालून वर झाकण. काही मिनिटांत शिंपल्या उघडतात आणि आपलं खारं पाणी सोडतात. बरेच जण थोडी पांढरी वाइनही घालतात. मग मूठभर कोथिंबीर, वर लिंबू. नारळ नाही, वाटण नाही, तरी कोकणातल्या माणसाला ही चव परकी वाटत नाही, ती या कोथिंबिरीमुळे. युरोपात बहुतेक ठिकाणी तिला फारसं कोणी विचारत नाही. पोर्तुगालच्या दक्षिणेत, आलेंतेजु प्रांतात, तिच्याशिवाय पान हलत नाही. तिसऱ्या संपल्यावर तळाशी जो रस उरतो, तो पावानं पुसून खायचा. माझ्या मते ताश्काची परीक्षा त्या रसातच होते.

पावावरून आठवलं. बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, कधी चीज समोर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या. न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या गोष्टींचे पैसे घ्यायला तिथल्या कायद्याची मनाई आहे.

हे सगळं खाणं काटकसरीतून आलं आहे, आणि म्हणूनच मला ते मोलाचं वाटतं. डुकराचा कान उकडून, चिरून, लसूण-कोथिंबीर-व्हिनेगर लावून देतात. खारवलेला कॉड मासा बटाट्यात मिसळून त्याचे लांबट वडे तळतात, म्हणजे थोडा मासा अनेकांना पुरतो. फरसबी पिठात बुडवून तळली की ‘पेइशिन्युश द ओर्ता’, मळ्यातले छोटे मासे. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोहोचले. तिथल्या तेंपुराचं, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या पदार्थाचं, मूळ अशा तळणीत आहे, असं मानलं जातं. आणि याच काउंटरवर ‘शामुसा’ही दिसतो. होय, आपला सामोसा! तो गोव्याच्या वाटेनं आणि १९७५ मध्ये स्वतंत्र झालेल्या मोझांबिकमधून आलेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांबरोबर तिथं रुळला.

अलीकडे नव्या, चकचकीत रेस्टॉरंटांनी या ताटल्या उचलल्या आहेत. चांगलं शिजवणारेही त्यांत आहेत. पण चौघांच्या टेबलावर सजवलेले तीनच तुकडे आले, की प्रत्येक जण संकोचानं हात आखडता घेतो, शेवटचा तुकडा तसाच राहतो. वाटून खायच्या पदार्थाला हे शोभत नाही. ताटलीत कमी सजावट आणि जास्त रस असावा, या मताचा मी आहे.

तरीही भूक उरली, तर शेवटी गोड नको, ‘प्रेगु’ मागवा. लसणात परतलेला गोमांसाचा पातळ काप, पावात घातलेला. समुद्रातलं पोटभर खाऊन झाल्यावर तिथले लोकही तोच मागवतात.