९६ अमाइड, शुद्धीकरणाचा कॉलम एकही नाही

(दृश्य: फ्रिट, म्हणजे सच्छिद्र गाळणी, बसवलेली नळी. पिवळसर मण्यांवर द्रावक पडतो, थर वर चढतो.)

हे मणी, म्हणजेच रेझिन, पॉलिस्टायरीनचे. जाळं धरायला १ ते २ टक्के डायव्हिनाइलबेन्झीन, बस्स. डायक्लोरोमिथेनमध्ये ते कित्येक पट फुगतात. मिथेनॉलमध्ये ढिम्म, आणि मग आतल्या गटांपर्यंत काही पोचतच नाही.

१९६३ साली मेरिफिल्ड यांनी अशाच मण्यांवर पेप्टाइड वाढवलं. इथे उलटं: रेणू द्रावणात मोकळा, मण्याला बांधलाय तो अभिकारक. त्यामुळे हवा तेव्हा थेंब काढून एलसी-एमएसवर (मिश्रण वेगळं करून रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) बघता येतं.

८ आम्लं, १२ अमाइन, प्रत्येक जोडीचं एक अमाइड: ९६ अमाइड. एका कुपीत आम्ल आणि एचओबीटी (जोडणीला मदत करणारा पदार्थ) प्रत्येकी ०.१२ मिलिमोल, अमाइन ०.१०. आम्ल-अमाइन जोडणारं कार्बोडायइमाइड रेझिन अमाइनच्या दुप्पट, बाटलीवर १.२ मिलिमोल प्रति ग्रॅम असेल, तर १६७ मिलिग्रॅम. अमाइन सोडून सगळं २ मिलिलिटर डायक्लोरोमिथेनमध्ये १० मिनिटं. एचओबीटी विरघळायला कुरकुरतं, थोडं डीएमएफ (दुसरा द्रावक) घाला. मग अमाइन, आणि रात्रभर शेकरवर. मॅग्नेटिक बार नकोच: तो मणी भरडतो, भुकटी फ्रिटमध्ये बसते आणि गाळणं ठप्प.

(दृश्य: कुपीत दुसरं रेझिन पडतं.)

सकाळी मॅक्रोपोरस (मोठ्या छिद्रांचं) कार्बोनेट रेझिन, ०.४२ मिलिमोल. दोन तासांत ते एचओबीटी आणि उरलेलं आम्ल ओढून घेतं. गाळा, मणी दोनदा १ मिलिलिटरने धुवा, द्रावक उडवा.

अमाइन हायड्रोक्लोराइड असेल, तर ते आधी वेगळ्या नळीत कार्बोनेट रेझिनवरून मोकळं करून घ्यायचं. सगळं एकत्र टाकलं की कार्बोनेट आम्लच गिळतं.

खरी अडचण उरलेल्या अमाइनची. सल्फॉनिक आम्लाचं रेझिन ते पकडतं खरं, पण उत्पादनात पिरिडीन असेल तर तेही पकडतं आणि गाळलेलं द्रावण रिकामं निघतं. मिथेनॉलमधल्या २ मोलर अमोनियाने सोडवलं, तर दोन्ही एकदमच बाहेर! अशा कुप्यांना आयसोसायनेट रेझिन बरं. ते प्राथमिक-द्वितीयक अमाइन धरतं, पिरिडीनला हात लावत नाही. ॲनिलिन किंवा मोठ्या गटांच्या गर्दीत अडकलेलं अमाइन असेल, तर त्याला जास्त वेळ द्यावा लागतो.

(दृश्य: एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या तंत्राचा आलेख, ६.५ ते ७.२ पीपीएम.)

वजन अपेक्षेपेक्षा जास्त भरलं, तर इथे बघा. पसरट उंचवटे दिसले, तर मण्यांतून सुटं पॉलिमर झिरपलंय. म्हणून ९६ कुप्यांचं १६ ग्रॅम रेझिन सुरुवातीलाच टीएचएफ या द्रावकाने धुवून, निर्वातात वाळवून मगच तोलायचं.