ज्युनिअर वर्षातला वसंत

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत ज्यांच्या घरी मूल अकरावीत, म्हणजे इथल्या भाषेत ज्युनिअर वर्षात आहे, त्या आईबाबांशी आणि त्या मुलांशीही आज बोलायचं आहे.

कॉमन अॅप, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायचं संकेतस्थळ, नव्या हंगामासाठी उघडतं 1 ऑगस्टला. अर्ली अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबरच्या आसपास, रेग्युलरची जानेवारीच्या सुरुवातीला. मग फेब्रुवारी-मार्चपासून डोक्याला ताप कशाला, असं कुणीही विचारेल. पण काही कामं ऑगस्टनंतर करताच येत नाहीत, आणि नेमकी तीच मागे पडतात.

पैशापासूनच सुरुवात करू, कारण आपल्या घरांत तो विषय सगळ्यात शेवटी निघतो. आर्थिक मदतीचा सरकारी अर्ज म्हणजे फॅफ्सा. तो भरायचा बारावीच्या शरदात, पण त्यात उत्पन्न धरतात ते आधीच्या एका कॅलेंडर वर्षाचं: मूल दहावीत असतानाच्या जानेवारीपासून अकरावीतल्या डिसेंबरपर्यंतचं. म्हणजे आत्ता ज्युनिअरच्या वसंतात ते वर्ष संपूनही गेलंय. त्या वर्षात शेअर विकून मोठा नफा घेतला असेल, तर तो मोजला जाणार. उलट, त्यानंतर नोकरीत कपात झाली असेल, तर कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला कागदपत्रांसह पत्र लिहून फेरविचार मागता येतो. हे फॉर्मवर आपोआप होत नाही, मागावं लागतं.

उत्पन्न जुन्या वर्षाचं, पण मालमत्ता मात्र अर्ज भरायच्या दिवशी असेल तेवढी. आणि पैसा कुणाच्या नावावर आहे याने फार फरक पडतो. आईबाबांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त 5.64 टक्के भाग कॉलेजसाठी उपलब्ध मानतात, मुलाच्या मालमत्तेचा 20 टक्के. कॉलेजसाठी बचतीच्या तुमच्या 529 खात्यात 50,000 डॉलर असतील, तर त्यातले फार तर 2,820 धरले जातील. तेच 50,000 हौसेने मुलाच्या नावाने उघडलेल्या कस्टोडियल खात्यात असतील, तर 10,000. राहतं घर आणि निवृत्तीची खाती फॅफ्सात धरत नाहीत. पण पुण्यात घेऊन ठेवलेला फ्लॅट? तो गुंतवणूक म्हणून दाखवावा लागतो. किंमत 80 लाख आणि त्यावर 30 लाख कर्ज बाकी असेल, तर दाखवायचे 50 लाख, डॉलरमध्ये. भारतातलं कोण बघतंय, असं म्हणून तो गाळू नका. खाली सही तुमची असते. बऱ्याच खासगी कॉलेजांना फॅफ्साबरोबर सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा, जास्त खोदून विचारणारा अर्जही लागतो, आणि त्यातली कित्येक राहत्या घराची किंमतही हिशेबात घेतात.

एच-4 वर, म्हणजे आईबाबांच्या एच-1बीवर आश्रित म्हणून असलेल्या मुलांचं गणित निराळं. त्यांना फॅफ्साची सरकारी मदत मिळत नाही, आणि मदतीच्या बाबतीत बरीच खासगी कॉलेजं त्यांना परदेशी विद्यार्थ्यांच्या रांगेत बसवतात, मग ते मूल तिसरीपासून इथे शिकत असलं तरी. सरकारी विद्यापीठांत राज्याच्या रहिवाशाची फी लागते का, हे राज्यागणिक बदलतं, म्हणून प्रत्येक विद्यापीठाचा रेसिडेन्सीचा नियम स्वतः वाचा. शेजाऱ्याच्या मुलीला लागली म्हणजे आपल्यालाही लागेल, हे धरून चालू नका. त्यांचा व्हिसा कदाचित वेगळा असेल. शिवाय एच-4 चं आश्रितत्व 21 व्या वर्षी संपतं, म्हणजे बहुधा कॉलेजच्या मध्यावर. तेव्हा एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जायचं का आणि कधी, हा प्रश्न वकिलाला आत्ताच विचारून ठेवा.

आता एका रविवारी दोन तास काढा. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो; मदत वजा जाता आपल्याला साधारण किती भरावं लागेल, ते तो सांगतो. कायद्याने तो ठेवावाच लागतो. टॅक्स रिटर्न शेजारी ठेवून यादीतल्या पाच-सहा कॉलेजांचे आकडे काढा आणि मुलाला दाखवा. वर्षाला इतके डॉलर आम्ही देऊ शकतो, हा आकडा मुलाला वसंतात कळला तर तो यादी त्याप्रमाणे करतो. एप्रिलमध्ये, प्रवेश मिळाल्यावर कळला, तर घरात रडारड होते. अर्ली डिसिजनचा विचार असेल तर हे आणखी गरजेचं. तो करार बंधनकारक आहे, म्हणजे प्रवेश मिळाला की तिथेच जायचं, त्यावर मुलाबरोबर पालकही सही करतात, आणि मदतीच्या दोन पत्रांची तुलना करायची सोय त्यात उरत नाही. अर्ली अॅक्शन वेगळं, त्यात बंधन नाही. नावं सारखी असल्याने गल्लत होते.

दुसरं काम शिफारसपत्रांचं. ती साधारणपणे अकरावीच्या मुख्य विषयांच्या दोन शिक्षकांची लागतात. विचारायचं एप्रिल-मेमध्ये, समोर जाऊन. कित्येक शिक्षक ठरावीक संख्येनंतर नाही म्हणतात, आणि जूनमध्ये शाळा सुटली की गाठच पडत नाही. ज्या वर्गात सहज ए मिळाला तिथले शिक्षक निवडावेत असं वाटतं, पण ज्यांनी मुलाला अडखळताना पाहिलंय त्यांच्याकडे लिहायला मजकूर असतो. मुलाने त्यांना एक पानाचं टिपण द्यावं, आणि त्यात बक्षिसांची जंत्री नको, त्या वर्गातले दोन-तीन प्रसंग हवेत. 'रसायनाच्या लॅबमध्ये टायट्रेशनचा आकडा तीनदा चुकला. चौथ्यांदा ब्युरेटच्या तोटीत अडकलेला हवेचा बुडबुडा सापडला.' सव्वाशे मुलांना शिकवणाऱ्या माणसाला ही एक ओळ पत्र सुरू करून देते. पुढे अर्जात, हे पत्र वाचण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न येतो. सोडावा. न सोडल्यास पत्राचं वजन कमी होतं.

बारावीचे विषयही याच दिवसांत निवडले जातात. वर्ष सोपं जावं म्हणून परकीय भाषा किंवा गणित सोडून देणं महागात पडतं, कारण बारावीत काय घेतलंय हे अर्जासोबत जातंच. कॅलिफोर्नियात युसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, जीपीए (श्रेणींची सरासरी) मोजला जातो नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या ए-जी विषयांवर, म्हणजे युसीने प्रवेशासाठी ठरवून दिलेल्या विषयांवर. म्हणजे हे चालू सत्र त्यातलं जवळपास शेवटचं.

एसएटी या प्रवेश चाचणीबद्दल थोडक्यात. परीक्षा आता संगणकावर, 2 तास 14 मिनिटांची. युसी गुण पाहतच नाही, एमआयटीला ते लागतातच, मधल्या कॉलेजांचे नियम दरवर्षी हलतात. पहिला प्रयत्न मार्च किंवा मेमध्ये झाला तर ऑगस्ट हातात राहतो. केंद्रं लवकर भरतात, तेव्हा नोंदणी आधी, क्लास नंतर.

आणि कम्प्युटर सायन्स. विद्यापीठाचा एकूण प्रवेशाचा टक्का बघून हुरळू नका; त्या शाखेचा टक्का वेगळा असतो. सिअॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये थेट त्या शाखेला प्रवेश मिळाला नाही, तर नंतर आत शिरायला फार थोडी जागा असते. 'आधी दुसरं घेऊ, मग बदलू' हा बेत तिथे चालत नाही.

आता मुलांनो, तुमचं काम. कॉमन अॅपमध्ये उपक्रमांच्या 10 जागा असतात. तुमच्या पदासाठी 50 अक्षरं आणि वर्णनासाठी 150, मोकळ्या जागा धरून. त्यात अनेकजण असं काही लिहितात: 'लहानपणापासून तबल्याची आवड असून त्यातून मला शिस्त आणि चिकाटी शिकायला मिळाली.' जागा संपली आणि कळलं काहीच नाही. त्याऐवजी: '9 वर्षं शिक्षण, दर रविवारी 6 लहान मुलांना शिकवतो, मंडळाच्या गणेशोत्सवात 3 वर्षं गायकांना साथ.' आवड हा शब्द कुठे नाही, तरी ती दिसते. महत्त्वाचं आधी लिहा. प्रत्येक नोंदीला आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे द्यावे लागतात. दहाही नोंदींची बेरीज आठवड्याला 70 तास आली, तर वाचणारा विचारणारच की हे मूल शाळेत कधी जातं.

उपक्रमांचा एक प्रकार आपली मुलं हमखास विसरतात: कौटुंबिक जबाबदारी. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना सहा महिने डॉक्टरकडे नेणं, तिथे दुभाषाचं काम करणं, धाकट्या भावाला रोज शाळेतून आणणं, हे सगळं त्यात बसतं. मराठी शाळेत मदतनीस म्हणून शिकवत असाल तर तेही लिहा. नामांकित विद्यापीठाच्या आवारात हजारो डॉलर भरून केलेला उन्हाळी कोर्स त्या विद्यापीठाचं दार उघडून देत नाही. किराणा दुकानातली उन्हाळ्याची नोकरी त्याहून कमी नाही, माझ्या मते तर जास्तच.

कॉमन अॅपचा निबंध 250 ते 650 शब्दांचा, पहिला खर्डा जुलैत. आईबाबांनी तो एकदा वाचावा, कुठे कळलं नाही तेवढं सांगावं आणि पेन खाली ठेवावं. पन्नाशीतल्या इंजिनिअरने सुधारलेलं वाक्य सतरा वर्षांच्या मुलाचं वाटत नाही. युसीला हाच निबंध कापून चिकटवू नका. तिथे 8 पैकी 4 प्रश्न निवडायचे, प्रत्येकी 350 शब्दांपर्यंत, आणि उत्तर सरळ हवं.

शेवटी नावाची गोष्ट, कारण ती आपल्याच लोकांना नडते. पासपोर्टवर मुलाचं मधलं नाव म्हणून वडिलांचं पूर्ण नाव, शाळेच्या रेकॉर्डवर मधलं नावच नाही, एसएटीच्या खात्यावर घरातलं लाडकं नाव. अशाने गुण एका नावाने पोचतात, अर्ज दुसऱ्या नावाने, आणि कॉलेजकडून पत्र येतं की तुमचे गुण मिळालेले नाहीत. तेव्हा आज जेवणं झाली की पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी कार्ड, शाळेचा ट्रान्सक्रिप्ट आणि एसएटीचं खातं टेबलावर शेजारी शेजारी मांडा. स्पेलिंग अक्षरागणिक जुळवा. शाळेच्या कागदावर चूक सापडली, तर दुरुस्तीचा अर्ज ऑफिसला याच आठवड्यात द्या; उन्हाळ्यात तिथे कुणी भेटत नाही.