एशियन कप: कोण आलं, कोण आलंच नाही

नमस्कार श्रोतेहो.

२७ मे १९६४. ही तारीख ऐकली की जुन्या लोकांना एकच गोष्ट आठवते, पंडित नेहरू गेले तो दिवस. आणि नेमक्या त्याच दिवशी तिकडे इस्रायलमधल्या हैफा शहरात आपली फुटबॉल टीम दक्षिण कोरियाविरुद्ध खेळत होती आणि चक्क २-० ने जिंकली. पहिला गोल अप्पलाराजूचा, दुसरा इंदर सिंगचा. अशा दिवशी फुटबॉलकडे कोण बघणार होतं म्हणा. पण समोरची टीम साधीसुधी नव्हती बरं का, ही स्पर्धा त्याआधी दोनदाच झाली होती आणि दोन्ही वेळा कोरियानेच जिंकली होती.

ही स्पर्धा म्हणजे एएफसी एशियन कप, आशियातल्या देशांची फुटबॉलची चॅम्पियनशिप. क्रिकेटचा आशिया कप तो वेगळा, तो १९८४ चा, हा फुटबॉलचा १९५६ पासून चालू आहे, म्हणजे युरोपची यूरो स्पर्धा सुरू व्हायच्या चार वर्षं आधीपासून आणि आफ्रिकेच्या कपच्याही एक वर्ष आधीपासून. एवढी जुनी स्पर्धा, पण तिच्याबद्दल बोलताना लोक नुसती विजेत्यांची यादी वाचतात, जपान चार वेळा, सौदी तीन, इराण तीन, आणि झालं, विषय संपला. मला विचाराल तर खरी मजा त्या यादीत नाहीच. कोण आलं नाही, कोणाला येऊ दिलं नाही, कोणाला बाहेर काढलं, हे बघत गेलं की ह्या कपची गोष्ट उलगडत जाते.

तर सुरुवात अशी झाली, १९५४ मध्ये मनिलाला आशियाई फुटबॉल महासंघ म्हणजे एएफसी स्थापन झाली आणि दोन वर्षांनी हाँगकाँगला पहिली स्पर्धा भरली. टीम किती? चार. यजमान हाँगकाँग, दक्षिण कोरिया, इस्रायल आणि दक्षिण व्हिएतनाम. फायनल वगैरे भानगड नव्हती, सगळे सगळ्यांशी खेळले आणि ज्याचे पॉइंट जास्त तो चॅम्पियन. कोरिया जिंकली. १९६० ला स्पर्धा सोलमध्ये, पुन्हा चार टीम, पुन्हा कोरिया. आणि ह्या दुसऱ्या विजयाची एक गोष्ट कोरियात अजून सांगतात. खेळाडूंना सोन्याची पदकं दिली, ती नंतर कळलं की सोन्याचा नुसता मुलामा आहे, तेव्हा खेळाडूंनी रागाने परत केली. त्यानंतर कोरियाला हा कप आजतागायत मिळालेला नाही. फायनल हरले १९७२ ला, १९८० ला, १९८८ ला, २०१५ ला. सगळे म्हणायला लागले की त्या खोट्या पदकांचा शाप लागलाय. शेवटी कोरियन फुटबॉल संघटनेने खऱ्या सोन्याची पदकं करून त्या जुन्या खेळाडूंच्या घरी पोचवली, तरी कप काही आला नाही. शापावर माझा विश्वास नाही, पण चार फायनल हरल्यावर माणूस काहीही मानायला लागतो.

आता आपल्या १९६४ कडे येऊ. भारत त्या स्पर्धेत दुसरा आला. हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कारण भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की कोणीतरी ते अभिमानाने सांगतंच, आणि मग दुसरा कोणीतरी लगेच म्हणतो अहो चारच तर टीम होत्या. दोघांचंही बरोबर आहे. स्पर्धा इस्रायलमध्ये असल्यामुळे आपल्या गटातल्या देशांनी माघार घेतली, त्यामुळे भारत पात्रतेची एकही मॅच न खेळता थेट आत. पण नुसतं एवढंच सांगणं हा त्या टीमवर अन्याय आहे. हीच मंडळी दोन वर्षांपूर्वी जकार्ताला एशियन गेम्सच्या फायनलमध्ये ह्याच कोरियाला २-१ हरवून सुवर्णपदक घेऊन आली होती. त्यांना घडवणारे कोच सय्यद अब्दुल रहीम १९६३ मध्ये कॅन्सरने गेले. कॅप्टन होते चुनी गोस्वामी. कोरियाला हरवलं, यजमान इस्रायलकडून ०-२ हरले, हाँगकाँगला ३-१ हरवलं. इंदर सिंगने दोन गोल केले आणि स्पर्धेत त्याच्याहून जास्त गोल कोणाचेच नव्हते. म्हणजे गैरहजर असलेल्यांमुळे दार उघडलं हे खरं, पण आत गेल्यावर जे केलं ते स्वतःच्या पायावर केलं. मग पुढच्या वेळी आपण स्वतःच गैरहजर. थेट १९८४ ला सिंगापूरला दिसलो, तिथे एकही गोल करता आला नाही, इराणशी ०-० बरोबरी तेवढी पदरात पडली.

मधली वर्षं इराणची. १९६८, ७२, ७६, सलग तीन कप, तिन्ही स्पर्धांत एकही मॅच न हरता. असं दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही. १९६८ ला तेहरानमध्ये शेवटची मॅच इराण विरुद्ध इस्रायल, इराणने २-१ जिंकली. आज हे वाचताना विचित्र वाटतं की हे दोन देश एका मैदानात खेळत होते, तेही तेहरानमध्ये. पण ते लवकरच संपलं. १९७४ मध्ये कुवेतने ठराव आणला आणि इस्रायलला एएफसीतून काढलं. माजी चॅम्पियन, पहिल्या तिन्ही स्पर्धांत पहिला नाहीतर दुसरा, आणि त्याला आपला खंडच राहिला नाही. काही वर्षं ओशनियातून, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या गटातून, वर्ल्ड कपच्या पात्रता मॅचेस खेळले आणि शेवटी १९९४ मध्ये युरोपच्या संघटनेत गेले. त्याच १९७४ मध्ये चीनला आत घेतलं आणि तैवानला बाहेर केलं, तैवानही गेला ओशनियात. आणि गंमत बघा, बत्तीस वर्षांनी २००६ ला ऑस्ट्रेलिया उलट दिशेने ओशनियातून आशियात आला आणि २०१५ मध्ये चॅम्पियनही झाला. नकाशात आशिया कुठे संपतो ते शाळेत शिकवतात, फुटबॉलमध्ये ते मतदानाने ठरतं.

१९८० ची स्पर्धा कुवेतला होती, टीम वाढून दहा झाल्या होत्या. स्पर्धा चालू असतानाच २२ सप्टेंबरला इराण आणि इराकचं युद्ध सुरू झालं. इराणची टीम त्या वेळी शेजारीच कुवेतमध्ये ग्रुपच्या मॅचेस खेळत होती. घरी बॉम्ब पडतायत आणि इकडे सेमीफायनल खेळायची आहे, तीही यजमानांशी. १-२ हरले. फायनलमध्ये कुवेतने कोरियाला ३-० हरवलं, फैसल अल दखीलचे दोन गोल, आणि पहिल्यांदा एका अरब देशाकडे कप आला. मग सौदी अरेबियाची वेळ आली, १९८४ आणि ८८ दोन्ही त्यांचे, १९९६ पण. ९२ ला हिरोशिमात जपान पहिल्यांदा जिंकलं, पुढच्याच वर्षी त्यांची जे लीग सुरू झाली आणि त्यानंतर जपानने मागे वळून पाहिलं नाही. ९६ ची एकच मॅच सांगतो, इराणने कोरियाला ६-२ ने धुतलं, त्यात अली दाईचे चार गोल. क्वार्टर फायनल होती ती, मस्करी नव्हे.

आता जरा थांबून एक प्रसंग नीट सांगतो कारण मला तो फार आवडतो. २००४, चीनमधलं चोंगचिंग, क्वार्टर फायनल, जपान विरुद्ध जॉर्डन. १-१ बरोबरी, जादा वेळ संपला, शूटआउट, म्हणजे आता पाळीपाळीने पेनल्टी मारून निकाल. स्टेडियममधले चिनी प्रेक्षक जपानच्या राष्ट्रगीतालाही हुर्यो करत होते, जपानशी झालेल्या युद्धाच्या आठवणी तिथे अजून ताज्या आहेत. जपानची पहिली पेनल्टी शुनसुके नाकामुरा घेतो, म्हणजे टीममधला सगळ्यात सफाईदार डावा पाय. धावत येतो, मारताना खालची जमीन सरकते, टेकवलेला पाय घसरतो आणि बॉल बारवरून. दुसरी सांतोस घेतो, तोही डावखुरा, त्याच जागी तसाच पाय घसरतो, बॉल पुन्हा बारवरून. तेव्हा कॅप्टन त्सुनेयासू मियामोतो सरळ रेफरीकडे जातो आणि इंग्लिशमध्ये शांतपणे सांगतो की ही जागा खेळण्यासारखी नाही, दुसऱ्या बाजूच्या गोलपोस्टवर पेनल्टी घेऊ द्या. आरडाओरडा नाही, हातवारे नाहीत. आणि रेफरी मान्य करतो! शूटआउट अर्धवट झालेलं असताना सगळे चालत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. जॉर्डनवाले चिडले असतील तर त्यांची चूक नाही, मी असतो तरी चिडलो असतो. तरी ते पुढे होते, पण मग जपानचा गोलकीपर कावागुची अडवायला लागला, एकेक करत बरोबरी झाली आणि सातव्या फेरीत स्वतः मियामोतोने पेनल्टी आत घातली, जॉर्डनची पोस्टला लागली. ४-३. पुढे फायनलमध्ये बीजिंगला जपानने चीनला ३-१ हरवलं, त्यातला दुसरा गोल कोजी नाकाताच्या हाताला लागून गेला असं चीनमध्ये कोणालाही विचारा, सांगतील.

आणि २००७. इथे मी जास्त बोलणार नाही कारण घटनाच पुरेशा आहेत. स्पर्धा इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड आणि व्हिएतनाम अशा चार देशांत मिळून होती. इराकमध्ये यादवी पेटलेली. टीमला घरच्या मैदानावर खेळता येत नव्हतं, ब्राझीलचा कोच जोर्वान व्हिएरा स्पर्धेच्या जेमतेम दोन महिने आधी आलेला, आणि टीममध्ये शिया, सुन्नी, कुर्द सगळे. सेमीफायनलमध्ये कोरियाला शूटआउटवर हरवलं, बगदादमध्ये लोक नाचत रस्त्यावर आले आणि त्या गर्दीत कार बॉम्ब फुटले, पन्नासच्या आसपास माणसं गेली. खेळाडूंनी नंतर सांगितलं की खेळू नये असंही मनात आलं होतं, पण मुलगा गमावलेली एक आई टीव्हीवर म्हणाली की कप घेऊनच या. २९ जुलैला जकार्ताला फायनल, समोर तीन वेळचा चॅम्पियन सौदी. उजवीकडून कॉर्नर, मारणारा हवार मुल्ला मोहम्मद हा कुर्द, बॉल सौदी गोलकीपरच्या डोक्यावरून लांबच्या पोस्टकडे गेला आणि तिथे कॅप्टन युनिस महमूदने हेडर मारला. १-०. बस तेवढंच.

२०११ ला आपण सत्तावीस वर्षांनी परत दिसलो, दोहाला, तीन मॅचमध्ये तेरा गोल खाल्ले, तरी सुब्रत पॉलने गोलमध्ये उभं राहून जे वाचवलं ते बघून समोरचेही वाहवा करत होते. २०१९ मध्ये थायलंडला ४-१ हरवलं, छेत्रीचे दोन गोल, आणि शेवटच्या मॅचमध्ये बहरीनशी बरोबरी केली असती तरी पुढच्या फेरीची दाट शक्यता होती. नव्वद मिनिटं ०-० आणि जादा मिनिटांत पेनल्टी. त्या मॅचबद्दल मी अजून शांतपणे बोलू शकत नाही, म्हणून पुढे जातो.

त्याच २०१९ चा कप कतारने मारला, तोही कुठे, तर यूएईमध्ये, ज्या यूएईने सौदी, बहरीन, इजिप्तसोबत दीड वर्षापासून कतारची नाकेबंदी केली होती. कतारचे प्रेक्षक तिथे येऊच शकत नव्हते. सेमीफायनलमध्ये यजमानांना ४-० हरवताना मैदानात बूट आणि बाटल्या येत होत्या. फायनलमध्ये अलमोएझ अलीने गोलकडे पाठ करून बायसिकल किक मारली, त्याचा स्पर्धेतला नववा गोल, अली दाईचा आठचा विक्रम मोडला, आणि जपान ३-१ ने गारद. पुढची स्पर्धा चीनला होती, कोविडमुळे चीनने सोडली, पुन्हा कतारला आली आणि कतारच पुन्हा जिंकला, ह्या वेळी अक्रम अफीफने फायनलमध्ये जॉर्डनविरुद्ध तीन गोल केले, तिन्ही पेनल्टीवर. हॅटट्रिक ती हॅटट्रिक, पण तीन पेनल्टी म्हणजे जॉर्डनवाल्यांच्या नशिबात शूटआउट आणि पेनल्टीच लिहिलंय की काय असं वाटलं.

आता पुढची स्पर्धा २०२७ ला सौदी अरेबियात, तीन वेळा जिंकूनही सौदीकडे यजमानपद पहिल्यांदाच आलंय. भारतानेही यजमानपदासाठी अर्ज केला होता, तो २०२२ मध्ये मागे घेतला. आणि खेळायलाही आपण नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात मडगावला सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं आणि आपला प्रवास तिथेच संपला. सिंगापूर याआधी ह्या स्पर्धेत एकदाच खेळलं होतं, १९८४ ला, तेही यजमान म्हणून. ह्या वेळी पात्रता मिळवून जातंय, शेवटी हाँगकाँगला त्यांच्याच घरी २-१ हरवून. चोवीस टीम आहेत, मॅचेस जानेवारीत सुरू होतात, बघा जमलं तर.

नमस्कार.