गळ्यात बास, जीव रंगात

[स्थिरचित्र: वायव्हर्न क्लब, लिव्हरपूल, १० मे १९६०]

पुढे बीटल्स म्हणून गाजलेल्या बँडचे जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी जीव तोडून वाजवतायत. मागचा ड्रमर, जॉनी हचिन्सन, ऐनवेळी उसना बसवलेला. त्याच्या चेहऱ्यावरचा कंटाळा लपत नाही. आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा आहे तो बास गिटार वाजवणारा स्टुअर्ट सटक्लिफ. वय एकोणीस. लॅरी पार्न्स हा गायकांचा मोठा व्यवस्थापक बँडची परीक्षा घ्यायला समोर बसलाय, त्याला आपली अडखळणारी बोटं दिसू नयेत म्हणून हा वळला, असं सांगतात. पार्न्स पुढे म्हणाला की खटकला होता तो उशिरा आलेला नेहमीचा ड्रमर, बासवाला नव्हे. पण किस्सा फर्मास आहे, त्यामुळे तोच चालत राहिला.

हा मुलगा बास वाजवायला आलाच नव्हता मुळी.

[गॅम्बिअर टेरेस, समोर कॅथीड्रल]

जन्म एडिंबरोचा, २३ जून १९४०. वाढला लिव्हरपूलजवळच्या हायटनमध्ये. वडील बोटीवर, आई शिक्षिका. लिव्हरपूल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत असताना खर्चापाण्यासाठी त्यानं कचऱ्याच्या गाडीवरही काम केलं. बिल हॅरी या मित्रानं त्याची लेननशी गाठ घालून दिली, आणि १९६० मध्ये लेनन या इमारतीतल्या त्याच्या बिऱ्हाडातच राहायला आला.

[वॉकर आर्ट गॅलरी, बाहेरून, मग आतली दालनं]

१९५९ चा नोव्हेंबर. या वॉकर गॅलरीत जॉन मूर्स प्रदर्शन भरलं. इंग्लंडमधले नावाजलेले चित्रकार इथे चित्र लागावं म्हणून धडपडायचे. तिथे या विद्यार्थ्याचं ‘समर पेंटिंग’ निवडलं गेलं. चित्र बोर्डावर, दोन भागांत. प्रदर्शनापर्यंत पोहोचला एकच भाग! आणि तो एक भाग खुद्द जॉन मूर्सनं ६५ पौंडांना विकत घेतला. कॉलेजातल्या पोराच्या खिशात ६५ पौंड. ही बातमी लेनन आणि मॅकार्टनीला लागल्यावर काय होणार? बँडला बासवाला हवाच होता.

[होफनर प्रेसिडेंट: जवळून, तारांवरून खाली]

हेसीच्या वाद्यांच्या दुकानातून आणलेली ही बास गिटार, होफनर प्रेसिडेंट. पोकळ, रुंद, अवजड. चणीनं लहान असलेल्या स्टुअर्टच्या गळ्यात ती अडकवली की वाद्यच आधी दिसतं. वाजवायला तो जेमतेम शिकला. दिसायचा मात्र झकास: काळा गॉगल, मागे वळवलेले केस. आणि बँडचं नाव? बडी हॉली या अमेरिकन गायकाच्या साथीदारांना क्रिकेट्स, म्हणजे रातकिडे म्हणत, तर आपणही किडेच होऊ, ही लेनन आणि स्टुअर्टच्या डोक्यातली कल्पना. त्यातूनच पुढे बीटल्स. मे महिन्यात स्कॉटलंडचा दौरा झाला. तिथे यानं टोपणनाव घेतलं स्टुअर्ट द स्ताएल, निकोला द स्ताएल या चित्रकारावरून. दौरा रॉक अँड रोलचा, नाव चित्रकाराचं. बघा, मन कुठे होतं ते.

[हॅम्बर्ग, ग्रोस फ्रायहाइट, रात्र]

१७ ऑगस्ट १९६०. बँड जर्मनीत, इंद्रा क्लबात. रोज साडेचार तास वाजवायचं, शनिवारी-रविवारी सहा. झोपायला बाम्बी किनो या थिएटरच्या पडद्यामागची खोली, शेजारी संडास. स्टुअर्टच्या वाट्याला एक गाणं यायचं, ‘लव्ह मी टेंडर’.

[ॲस्ट्रिड किर्शहेरचे फोटो, एकेक करून, सावकाश]

मग त्यांना ऐकायला आली ही मंडळी: क्लाउस फोरमन, युर्गेन फोल्मर, आणि हे फोटो काढणारी ॲस्ट्रिड किर्शहेर. डोम जत्रेच्या मैदानात तिनं पाचही जणांना उभं केलं. हा फोटो नीट बघा. पुढे जॉन, रेखीव. मागे स्टुअर्ट, पुसट. पण एकटा स्टुअर्ट असलेल्या फोटोंमध्ये प्रकाश कसा पडलाय तेही बघा. नोव्हेंबरमध्ये ॲस्ट्रिड आणि स्टुअर्टचा साखरपुडा झाला होता.

तिनं त्याचे केस पुढे घेऊन कापले, हॅम्बर्गची कलाशाखेची पोरं ठेवायची तसे. बाकीचे हसले. पुढे १९६१ मध्ये पॅरिसला जॉन आणि पॉलनं फोल्मरकडून तसेच कापून घेतले.

१९६१ मध्येच स्टुअर्टनं बँड सोडला. बास पॉलला वापरायला दिली, तारांचा क्रम बदलायचा नाही या अटीवर. पॉल डावखुरा, त्यानं ती उलटी धरून वाजवली.

[ॲस्ट्रिडच्या घराचा माळा, हॅम्बर्गची चित्रं]

आता आपला माणूस सापडतो. हॅम्बर्गच्या कला महाविद्यालयात त्याला गुरू मिळाले शिल्पकार एदुआर्दो पाओलोत्सी, आणि आपल्या उत्तम विद्यार्थ्यांपैकी हा एक, असं त्यांनी अहवालात लिहिलं. ॲस्ट्रिडच्या आईनं माळा मोकळा करून दिला. तिथे हे चाललं होतं: रंगावर रंगाचे लेप, कोलाज, ओळखीची एकही वस्तू नाही. कॅमेरा जवळ नेल्यावर ब्रशचा जोर कळतो. बास धरताना चाचपडणारा हात हाच का, असं वाटतं.

डोकेदुखी वाढत गेली. १० एप्रिल १९६२ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन इस्पितळात नेतानाच तो गेला. वय एकवीस.

[‘सार्जंट पेपर’चं मुखपृष्ठ, डावी कड]

बीटल्सच्या १९६७ च्या अल्बमच्या या मुखपृष्ठावर, अगदी डाव्या कडेला, तो आहे. त्याआधी तीन वर्षं, १९६४ मध्ये, वॉकर गॅलरीनं त्याच्या चित्रांचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं होतं. ‘हॅम्बर्ग पेंटिंग नंबर २’ त्यांच्याच संग्रहात आहे. आणि ती होफनर? ती क्लाउस फोरमननं विकत घेतली. शिकलेला ग्राफिक कलावंत तो; नाव काढलं बास वाजवून.