खट्-फुस्स

(दृश्य: पंपाच्या एक्झॉस्टवर पांढरा थर)

मे महिना, बडोदा. बाहेर अंगाची लाही होतेय आणि मकरपुऱ्याच्या या वर्कशॉपमध्ये हवेवर चालणाऱ्या डायफ्राम पंपाच्या तोंडावर, म्हणजे वापरलेली हवा बाहेर पडते त्या एक्झॉस्टवर, चक्क बर्फ! दाबातली हवा एकदम मोकळी झाली की गार पडते, तिच्यातली वाफ तिथंच गोठते. फार साचलं तर पंप अडतो. म्हणून हवा कोरडी हवी.

(दृश्य: पंप उघडताना)

मोटर नाही, वायर नाही. मधोमध दांडा, त्याच्या दोन टोकांना दोन डायफ्राम, म्हणजे लवचीक पडदे. एकामागे हवा भरली की तो द्रव बाहेर ढकलतो. दांड्यानं ओढलेला दुसरा खालून द्रव आत घेतो. मग हवेचा व्हॉल्व्ह पलटतो. चार गोळ्या वाट उघडझाक करतात. ही रचना अमेरिकेतल्या जिम विल्डन यांची, १९५५ सालची.

पुढची वाट बंद केली तर? फिटरकाका करून दाखवतात. पंप नुसता थांबतो. वाट उघडली की पुन्हा खट्-फुस्स. रिकामा चालला तरी जळत नाही. पण हवा दाबून देणाऱ्या कॉम्प्रेसरचं वीजबिल? ते जास्तच येतं.

(दृश्य: टेबलावर मांडलेले डायफ्राम)

इथं कॅमेरा रेंगाळलाय, रेंगाळू द्या. गिऱ्हाईक विचारतं, एक इंची पंप केवढ्याला? काका उलट विचारतात, ड्रममध्ये काय आहे? भाव गुजरातीत, आमच्याशी रसायनशास्त्र मराठीत. डायफ्राम कशाचा, ते द्रवावर ठरतं. तेलाला नायट्राइल रबर चालतं, टोल्युइन या सॉल्व्हंटमध्ये (विद्रावकात) ते फुगतं. ईपीडीएम रबर कॉस्टिक सोड्याला उत्तम, तेलात टिकत नाही. व्हायटॉन रबर टोल्युइन झेलतं, ॲसिटोनपुढे हरतं. टेफ्लॉन जवळपास सगळं सोसतं, पण ताठ. खालून ओढायची ताकद कमी.

बॉडीचंही तसंच. हायड्रोक्लोरिक ॲसिडला पॉलिप्रॉपिलीन. तिथं ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टीलसुद्धा नको. टोल्युइनला मात्र हेच साधं प्लास्टिक घातक. वाहत्या द्रवानं स्थिर वीज साठते आणि टोल्युइनची वाफ पेटायला ठिणगी पुरते. तिथं धातूची बॉडी आणि अर्थिंग. पण धातू म्हणजे कुठलाही नव्हे: ॲल्युमिनियमच्या पंपातून मेथिलीन क्लोराइड हे सॉल्व्हंट सोडलं तर स्फोट होऊ शकतो.

हे पंप जिथं चालतात त्या, बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतलं चित्रण इथं नाही. सॉल्व्हंटच्या जागी साधा कॅमेरा नेता येत नाही, त्यातूनही ठिणगी उडू शकते.

डायफ्राम फाटला तर द्रव एक्झॉस्टमधून बाहेर फवारतो. म्हणून एक्झॉस्टचा पाइप माणसांपासून लांब, सुरक्षित जागी काढायचा.

(दृश्य: कानस, बोल्ट, हात)

काका अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग कानशीनं खरवडतायत. धातू उघडा पडेपर्यंत. रंगावरच तार आवळली, तर अर्थिंग नुसतं दिसायला.