मठाच्या भिंतीवरचे व्हाइसरॉय

नमस्कार श्रोतेहो.

जुन्या गोव्यात गेलेली माणसं बासिलिकेत झेवियरचं दर्शन घेतात, समोरच्या से कॅथेड्रलमध्ये डोकावतात आणि गाडीत बसतात. कॅथेड्रलच्या पश्चिमेला असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च आहे आणि त्याला लागून फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा जुना मठ. तिकडे फारसं कोणी वळत नाही. आजचं बोलणं त्या मठाबद्दल.

आठ फ्रान्सिस्कन पाद्री १५१७ मध्ये गोव्यात आले. १५२१ मध्ये त्यांचं छोटं प्रार्थनाघर उभं राहिलं. ते पाडून १६६१ मध्ये आजचं चर्च बांधलं, पण जुन्या वास्तूचा काळ्या दगडाचा नक्षीदार दरवाजा मात्र तसाच ठेवला. चुन्यानं पांढऱ्या केलेल्या दर्शनी भिंतीत तो काळा दरवाजा आजही वेगळा उठून दिसतो. पुढे १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं धार्मिक संघ बरखास्त केले, पाद्री गेले, मठ रिकामा पडला. १९६४ पासून तिथं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संग्रहालय आहे. खाली वीरगळ, सतीशिळा, कदंबकाळातली शिल्पं. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची साठेक व्यक्तिचित्रं.

ही चित्रं मठाची नव्हेत. १५४७ मध्ये जुआंव द कास्त्रो यानं आपल्या आधीच्या सगळ्या गव्हर्नरांची चित्रं काढून घेतली. गास्पार कोरैया हा बखरकार देखरेखीला होता, त्यानं जुन्या लोकांचे चेहरे ओळखीवरून सांगितले. रंगवणारा मात्र इथलाच एक चित्रकार. त्याचं कसब कोरैयानं वाखाणलं, नाव लिहिलं नाही! पुढे प्रत्येक नव्या व्हाइसरॉयची भर पडत गेली. चित्रं आधी जुन्या गोव्यातल्या राजवाड्यात होती, मग पणजीच्या आदिलशाही वाड्यात गेली, आणि गोवा मुक्त झाल्यावर या मठात आली.

आता खरा त्रास सांगतो. जुनी चित्रं लाकडी फळ्यांवर आहेत, आणि कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाकूड ओल पितं तेव्हा ते लांबीला वाढत नाही, रुंदीला वाढतं. फळीची पुढची बाजू रंगानं झाकलेली, मागची उघडी. त्यामुळे मागून ओल जास्त शिरते आणि फळीला बाक येतो. रंगाखालचा अस्तराचा थर काही ताणला जात नाही, तो तडकतो. मग ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड आकसलं की रंगाचे पोपडे सुटतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीही धरते. यावर दिवसा एसी लावून रात्री बंद करणं हा सर्वांत वाईट उपाय, कारण लाकडाला रोज दोन ऋतू सोसावे लागतात. हवा मध्यम दमट असली तरी चालेल, पण तिच्यात चढउतार नकोत.

पोपडे निघाले की माणूस काय करतो? वरून रंगवतो. या चित्रांचंही तेच झालं. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढले, एकोणिसाव्या शतकात तर फारच. १९५० च्या दशकात काही फळ्या लिस्बनला नेऊन तपासल्या. वरवरचे थर उतरवले, तेव्हा कुठे खालचा मूळ चेहरा दिसू लागला. डागडुजी करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण ओलीनं केलं नसेल एवढं नुकसान कुंचल्यानं केलं, असं माझं मत आहे.

भिंतींचंही तसंच, आणि हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जुन्या घरवाल्यांनी नीट ऐकावं. मठ चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा आहे, गिलावा चुन्याचा. जांभा सच्छिद्र, जमिनीतली ओल वर ओढतो. चुनाही सच्छिद्र, म्हणून ती ओल बाहेर निघून जाते. तिथं सिमेंट थापलं की ओलीची वाट बंद होते. ओलीबरोबर आलेले क्षार सिमेंटच्या मागे साठतात, त्यांचे स्फटिक होतात आणि चिऱ्याचा भुगा होतो. वरून भिंत कोरी दिसते, ठोकून पाहिली तर पोकळ वाजते. म्हणून गिलावा चुन्याचाच करावा. मुरवलेला चुना एक भाग, गाळून धुतलेली वाळू तीन भाग, आणि वाळू खाडीची नको, तिच्यात मीठ असतं. एकेक थर दहा-बारा मिलिमीटरचा, त्याहून जाड केला तर तडा जातो. पहिला थर धरल्याशिवाय दुसरा देऊ नये. आठवडाभर पोत्यानं झाकून ओला ठेवावा. काम आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, तोंडावर काढू नये, चुन्याला वाळायला अवधीच मिळत नाही.

घरातलं चित्र बाहेरच्या भिंतीला आतून लावायचंच असेल तर मागे कोपऱ्यांना लाकडाचे तुकडे ठेवून दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडावी, म्हणजे हवा खेळते. धूळ ओल्या फडक्यानं पुसू नये, मऊ कोरड्या कुंचल्यानं झटकावी, आणि तीही पोपडे सुटलेले नाहीत ना, हे पाहूनच.

मठात गेलात तर वरच्या मजल्यावर चित्रासमोर नीट उभं राहू नका, थोडं बाजूला सरून तिरक्या उजेडात पाहा. फळ्यांचे जोड आणि रंगाचे उंचवटे तेव्हाच दिसतात.